बावीस श्रुती : मोजल्या की मानल्या?

आमच्या गावाच्या नावातच एक आकडा आहे. या भागातल्या जुन्या माणसांना विचारले तर ती नुसते 'शिराळा' म्हणत नाहीत, 'बत्तीस शिराळा' म्हणतात. आसपासची बत्तीस गावे मिळून हे नाव पडले असे सांगतात. तालुक्यातली आजची गावे मोजायला बसलो तर आकडा बत्तीसच्या बराच पुढे जातो. पण म्हणून कोणी नाव खोटे ठरवत नाही, आणि नावाशी जुळावे म्हणून गावेही वगळत नाही. जुन्या आकड्यामागे त्या काळची काही मोजणी होती. ती कशाची होती हे कळल्याशिवाय तो आकडा आजच्या नकाशावर बसवता येत नाही, एवढे आपण समजून घेतो.

संगीतातही असा एक आकडा आहे : बावीस. एका सप्तकात बावीस श्रुती असतात, हे वाक्य संगीताच्या परीक्षा देणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. ध्वनीचा पाठ शिकवताना कंपनसंख्येचा विषय निघाला की त्यांच्यातलाच कोणी विचारतो, "सर, मग त्या बावीस श्रुतींच्या कंपनसंख्या किती?" प्रश्न सरळ आहे, आणि त्याचे सरळ वाटणारे उत्तरही छापील तक्त्यांच्या रूपाने मिळते. असे तक्ते मांडण्याच्या खटपटीतला एक महत्त्वाचा अध्याय शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याच सातारा-सांगली भागात घडला. त्या खटपटीचे मोल काय आणि तिच्यात उणे काय, हे येथे तपासून पाहायचे आहे. कारण प्रश्न केवळ संगीताचा नाही. परंपरेने दिलेली एखादी संख्या विज्ञानाच्या वर्गात कशी हाताळावी, याचा तो प्रश्न आहे.

पुस्तकातला तक्ता आणि प्रार्थनेची पेटी

आधी थोडी उजळणी करू. भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत सप्तकाचा एक तक्ता नेहमी आढळतो. सा २५६ धरला तर रे २८८, ग ३२०, म ३४१.३३, प ३८४, ध ४२६.६७, नी ४८० आणि तार सा ५१२. हे आकडे सोप्या गुणोत्तरांतून येतात : सा आणि प यांत २:३, सा आणि म यांत ३:४, सा आणि ग यांत ४:५. दोन स्वरांच्या कंपनसंख्या अशा लहान पूर्णांकांच्या प्रमाणात असल्या की ते एकत्र वाजताना मिसळून जातात. त्याचे कारण असे : तारेतून किंवा पेटीच्या सुरातून केवळ एक कंपनसंख्या निघत नाही, तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा उपस्वरांची रांगच निघते. प्रमाण सोपे असले की दोन्ही रांगांतले काही उपस्वर नेमके एकावर एक पडतात. ते थोडे चुकले तर आवाज कमीजास्त होत राहतो. यालाच आपण ठोके किंवा स्पंद म्हणतो.

आता शाळेतली प्रार्थनेची पेटी घ्या. तिचे सूर या तक्त्याप्रमाणे लावलेले नसतात. सप्तकाचे बारा सारखे भाग करून ती लावलेली असते. प्रत्येक पट्टीची कंपनसंख्या आधीच्या पट्टीच्या १.०५९५ पट. सा २५६ धरला तर अशा पेटीवर रे २८७.३५, ग ३२२.५४, म ३४१.७२, प ३८३.५७, ध ४३०.५४ आणि नी ४८३.२६ येतो. पंचम व मध्यम जवळजवळ बरोबर, पण गंधार, धैवत आणि निषाद स्पष्ट चढे.

असे का करावे लागते? कारण शुद्ध पंचमाने पायऱ्या चढत गेलो तर सप्तक कधीच पुरते मिटत नाही. दीड पट असे बारा वेळा केले की १२९.७५ येते, आणि दुप्पट असे सात वेळा केले की १२८. थोडे उरतेच. कोणत्याही पट्टीत गाता यावे म्हणून हे उरलेले सर्व सुरांत सारखे वाटून टाकले, त्यातून बारा समान भागांची पेटी झाली. ती सोय आहे, निसर्गनियम नव्हे.

स्वरांमधले अंतर मोजण्यासाठी अलेक्झांडर एलिस यांनी १८८५ साली 'सेंट' हे माप रूढ केले. सा ते तार सा हे अंतर १२०० सेंट. पेटीवरील लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट. कोणत्याही गुणोत्तराचे सेंट काढायचे तर त्याच्या लॉगरिथमला २ च्या लॉगरिथमने भागावे आणि १२०० ने गुणावे. दहावीपुढच्या विद्यार्थ्यांना हे सहज जमते. शुद्ध पंचम ७०२ सेंट, पेटीचा ७००. शुद्ध गंधार ३८६ सेंट, पेटीचा ४००. चौदा सेंटचा हा फरक सरावलेल्या कानाला बोचतो. पेटीवरचा गंधार गायकाला खटकतो ही तक्रार खोटी नाही, एवढे यावरून कळेल.

सातारा-सांगलीची खटपट

हीच तक्रार घेऊन कृष्णाजी बल्लाळ देवल कामाला लागले. ते निवृत्त डेप्युटी कलेक्टर. १९१० साली त्यांचे 'द हिंदू म्युझिकल स्केल अँड द ट्वेंटी-टू श्रुतीज' हे इंग्रजी पुस्तक पुण्यात प्रसिद्ध झाले. त्यांना साथ मिळाली ती ई. क्लेमंट्स या आय.सी.एस. अधिकाऱ्याची. ते साताऱ्यास न्यायाधीश होते. त्या वेळी शिराळा सातारा जिल्ह्यातच होता. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ साली झाला आणि त्याचे सांगली हे नाव १९६० साली पडले. क्लेमंट्स यांचे भारतीय संगीतावरचे पुस्तक १९१३ साली आले. 'फिलहार्मॉनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' या नावाने या मंडळींनी संस्थाही चालवली, आणि लंडनच्या मूर यांच्याकडून श्रुतींची खास पेटी करवून घेतली.

तिसरे नाव सर्वांत मोठे : मिरजेचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. देवलांनी तारेची लांबी मोजून स्वरांची गुणोत्तरे काढली आणि खाँसाहेबांच्या गाण्याशी ती ताडून पाहिली. एक सरकारी अधिकारी, एक इंग्रज न्यायाधीश आणि एक थोर गवई एकत्र बसून गंधार नेमका कुठे लागतो याचा शोध घेतात, हे दृश्यच आनंद देणारे आहे. त्या काळी संगीतशास्त्रावरचा वाद बहुधा ग्रंथातली वचने एकमेकांवर फेकून होत असे. ही मंडळी तार आणि मोजपट्टी घेऊन बसली. हे श्रेय त्यांना मोकळेपणाने दिले पाहिजे.

आता त्यांचे उत्तर पाहू. भरताच्या नाट्यशास्त्रात षड्जग्रामातील सात स्वरांच्या श्रुती सांगितल्या आहेत : षड्ज ४, ऋषभ ३, गांधार २, मध्यम ४, पंचम ४, धैवत ३, निषाद २. बेरीज बावीस. (हे सप्तक आजच्या बिलावलचे नव्हे. त्यातले गांधार-निषाद कोमल असल्याने ते काफीच्या जवळ जाते.) देवल-क्लेमंट्स यांच्या मांडणीचा गाभा असा की चार श्रुतींचे अंतर म्हणजे ९/८, तीन श्रुतींचे १०/९ आणि दोन श्रुतींचे १६/१५. सेंटमध्ये २०४, १८२ आणि ११२.

वाचकांनी येथे थांबून बेरीज करून पाहावी. २०४ तीन वेळा, १८२ दोन वेळा, ११२ दोन वेळा. उत्तर नेमके १२०० येते! सप्तक पुरते मिटले, ना काही उरले ना कमी पडले. एवढा सुबक मेळ पाहिल्यावर कोणालाही वाटेल की कुलूप उघडले. देवलांना तसे वाटले यात नवल नाही. परंतु हिशेब जुळणे आणि सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खरी अडचण येथूनच सुरू होते.

भरताने काय दिले, काय दिले नाही

भरताने श्रुतीची लांबी-रुंदी कुठेच आकड्यात दिलेली नाही. त्याने कानाला पटणारी एक खूण मात्र दिली आहे. ज्या दोन स्वरांत नऊ किंवा तेरा श्रुतींचे अंतर असते ते परस्परांचे संवादी. नऊ श्रुतींचे अंतर म्हणजे सा-म, तेरांचे म्हणजे सा-प. संवाद म्हणजे कानाला निर्विवाद पटणारा मेळ, असे धरून ही दोन अंतरे ३:४ आणि २:३ मानू. यात कोणाचा आक्षेप नसावा. म्हणजे नऊ श्रुती बरोबर ४९८ सेंट आणि तेरा श्रुती बरोबर ७०२ सेंट.

यावरून काय काय निघते? तेरातून नऊ गेले, चार उरले. म्हणून चार श्रुती म्हणजे ७०२ वजा ४९८, अर्थात २०४ सेंट. हे पक्के झाले. सा ते म या नऊ श्रुतींत ऋषभाच्या तीन, गांधाराच्या दोन आणि मध्यमाच्या चार येतात. त्यातून चारांचे २०४ वजा केले की तीन आणि दोन मिळून २९४ सेंट उरतात. हेही पक्के.

आणि येथे गाडी थांबते. २९४ चे तीन श्रुतींना किती आणि दोन श्रुतींना किती, हे भरताच्या संवादातून निघत नाही. देवल-क्लेमंट्स म्हणतात १८२ आणि ११२. सरळ तीनास दोन या प्रमाणात वाटले तर १७६ आणि ११८ येतात. यांपैकी काहीही घेतले तरी सर्व संवाद तसेच राहतात आणि सप्तकाची बेरीज १२०० च येते. पडताळा हवा असेल तर वर्गात करून पाहावा : २०४ तीन वेळा आणि २९४ दोन वेळा, बस्स. म्हणजे ज्या मेळाने आपण भारावून गेलो, तो मेळ कोणत्याही वाटणीत मिळणारच होता. तो पुरावा नव्हता.

मग १८२ आणि ११२ हीच वाटणी का? ती घेतली की सात श्रुतींचे अंतर, म्हणजे तीन आणि चार मिळून, ३८६ सेंट होते. हे आपले ४:५ चे गुणोत्तर. ते भरताने संवादात गणलेले नाही. ते आले हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या १८६३ सालच्या ध्वनिसंवेदनेवरील ग्रंथातून. तो ग्रंथ फार मोठा आहे आणि उपस्वरांची त्यातली मीमांसा आजही शिकवावी अशी आहे. पण तिच्या आधाराने भरताच्या मापातली मोकळी जागा भरायची आणि नंतर भरताने हेच सांगितले होते म्हणायचे, हे बरोबर नाही. आकडा नाट्यशास्त्राचा, माप हेल्महोल्ट्झचे, आणि निष्कर्षावर नाव मात्र प्राचीन ऋषींचे, असा प्रकार झाला.

दुसरी अडचण अधिक अवघड आहे. भरताने श्रुती समजावण्यासाठी दोन वीणांचा प्रयोग सांगितला आहे. दोन्ही वीणा एकसारख्या लावायच्या. एक तशीच ठेवायची, दुसरीचे सर्व स्वर एक श्रुती उतरवायचे. पुन्हा तसेच उतरवले की दुसरीचे गांधार-निषाद पहिलीच्या ऋषभ-धैवतांशी मिळतात. तिसऱ्या वेळी तिचे ऋषभ-धैवत पहिलीच्या षड्ज-पंचमांशी मिळतात. चौथ्या वेळी षड्ज, मध्यम, पंचम हे निषाद, गांधार, मध्यमांशी मिळतात. एकूण बावीस श्रुतींची ही पडताळणी. सामग्री थोडी, कृती स्पष्ट, खूण कानाने ओळखता येणारी. इतक्या जुन्या काळी असा प्रयोग लिहून ठेवला आहे, याचा आदर वाटतो.

या प्रयोगात दर वेळी एक श्रुती उतरवायची आहे. देवल-क्लेमंट्स यांच्या मापांनी ती एक श्रुती किती भरते ते काढू. पहिल्यांदा ग्रामाच्या पंचमावरून ती २२ सेंट ठरते (चार श्रुतींचे २०४ वजा तीन श्रुतींचे १८२). दोन वेळा मिळून ११२ झाले पाहिजेत, म्हणून दुसरी श्रुती ९० सेंट. तीन वेळा मिळून १८२, म्हणून तिसरी ७०. चार मिळून २०४, म्हणून चौथी पुन्हा २२. एकाच शब्दाची तीन मापे झाली, आणि त्यांत मोठे माप लहानाच्या चौपट! ज्या प्रयोगात 'पुन्हा तसेच करा' असे सांगितले आहे, त्यात तसेच म्हणजे एकदा २२ आणि एकदा ९० असे वाचणे कितपत योग्य?

उलट सर्व श्रुती समान धरल्या तर एक श्रुती ५४.५ सेंटची होते. मग तेरा श्रुतींचा पंचम ७०९ सेंटवर जातो, शुद्ध पंचमापेक्षा सात सेंट चढा, आणि संवाद बिघडतो. म्हणजे एका बाजूने संवाद सांभाळावा तर श्रुती असमान होतात, आणि श्रुती समान ठेवाव्यात तर संवाद हलतो. दोन्ही एकदम साधत नाही. यातून आम्हांला जास्त संभवनीय वाटणारा अर्थ असा : श्रुती हे भरताचे मोजणीचे एकक होते, कोणता स्वर कोणापासून जवळ आणि कोणापासून लांब हे सांगण्यापुरते. आजच्या अर्थाने कंपनसंख्यांचे परिमाण ते नसावे. बैलगाडीच्या काळात कोणी 'दोन कोस' म्हणाला तर ते खोटे नसते. पण त्या कोसांवरून मीटरचे दशांश काढू नयेत.

साक्षीदाराची अडचण

आता खाँसाहेबांच्या साक्षीकडे वळू. अब्दुल करीम खाँ यांच्या सुरेलपणाबद्दल शंका घेण्याचे कारणच नाही. शंका आहे ती चाचणीच्या रीतीबद्दल. तारेवर एक स्वर वाजवून दाखवला आणि मोठ्या गवयाने तो हुबेहूब गळ्यातून काढला, तर सिद्ध काय होते? त्याचा कान तयार आहे, एवढेच. तार दहा सेंट चढवली असती तर त्याने तोही स्वर तितकाच अचूक लावला असता. तो स्वर गाताना आपण होऊन तेथेच लागतो का, दर वेळी तेथेच लागतो का, हे अशा चाचणीतून कळत नाही. त्यासाठी गायकाला काही न सांगता त्याचे गाणे टिपावे लागते, आणि मोजणाऱ्याला अपेक्षित उत्तर ठाऊक नसावे लागते.

क्लेमंट्स न्यायाधीश होते. निकाल आधी लिहून मग साक्षीदार बोलावला, असे त्यांनी कोर्टात कधी चालू दिले नसते. श्रुतींच्या बाबतीत मात्र जवळपास तसेच घडले. बावीस हा निकाल आधीच ठरला होता. मोजणी त्याच्या पुष्टीसाठी होती. एकवीस किंवा चोवीस निघाले तर काय, हा प्रश्न या रीतीत उठूच शकत नव्हता. ज्या प्रयोगाचे उत्तर चुकूच शकत नाही, त्या प्रयोगातून शिकायला काही मिळत नाही.

१९१६ साली बडोद्यास सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाखाली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. श्रुतींचा वाद तेथेही झाला. पंडित भातखंडे यांना ही निश्चित गुणोत्तरे मान्य नव्हती. त्यांनी चालू गायकीच्या व्यवहारासाठी बारा स्वरांचाच आधार घेतला. देवलांचे कैवारी यावर म्हणत की भातखंड्यांना गणित नको होते. आम्हांला तसे वाटत नाही. ज्या ठिकाणी माप पक्के नाही तेथे पक्के असल्याचा आव न आणणे, ही देखील शास्त्रीय वृत्तीच आहे.

मोजल्यावर काय निघाले

खरी मोजणी व्हायला ध्वनिमुद्रणाचे तंत्र यावे लागले. १९६३ साली नझीर जयराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी हिंदुस्थानी कलावंतांचे ध्वनिमुद्रित यमन घेऊन त्यातला गंधार उपकरणाने मोजला. उत्तर कोणत्याच तक्त्याला सोयीचे नव्हते. वेगवेगळ्या कलावंतांचा गंधार वेगवेगळ्या जागी निघाला, आणि एकाच कलावंताचा एकाच मैफलीतही तो हलत राहिला. पुढे १९८२ साली मार्क लेव्ही यांचे अशाच मोजणीवरचे पुस्तक आले, त्यातही स्थिर बावीस जागांना आधार मिळाला नाही.

याचा अर्थ गवई बेसूर होते असा नाही. स्वर हा नकाशावरचा ठिपका नसून त्याला थोडी जागा लागते. आधीचा स्वर कोणता, मींड कुठून आली, आंदोलन किती, यावर त्या जागेतले स्थान ठरते. दरबारीचा गंधार आंदोलित असतो हे कोणताही विद्यार्थी सांगेल. झुलणाऱ्या स्वराची एकच कंपनसंख्या लिहिणे म्हणजे झोपाळ्याचा एकच फोटो काढून तो तेथेच असतो म्हणण्यासारखे आहे.

तरीही श्रुतींची खास पेटी बनवण्याची ओढ थांबलेली नाही. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. शुद्ध गंधार कानावर पडावा म्हणून अशा वाद्यांचा उपयोग जरूर आहे. वाद्य म्हणून त्याचे स्वागत करावे. आक्षेप आहे तो वाद्य सुरेल वाजते म्हणून त्यामागचा इतिहास सिद्ध झाला असे मानण्यावर. आणि साध्या पेटीला खलनायक ठरवण्याचीही गरज नाही. १९४० सालापासून सुमारे तीन दशके आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. त्या काळातही गावोगावच्या भजनांची, नाटकांची आणि शाळांची साथ पेटीनेच केली.

वर्गात काय करता येईल

आम्ही काही शिक्षकांनी शिराळ्यात हा विषय मुलांपुढे ठेवताना व्याख्यान टाळले. एक पेटी आणि एक तंबोरा एवढेच घेतले. तंबोऱ्यासाठी आपल्या जिल्ह्याला लांब जावे लागत नाही. मिरजेत शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतार-तंबोरे घडवले आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक निर्देशांक मिळाला.

पहिला प्रयोग पेटीचा. खालच्या सप्तकातले सा आणि प एकदम दाबून भाता सारखा ठेवावा. सा १२८ च्या आसपास असेल तर सुमारे सव्वादोन सेकंदांना एक असा संथ ठोका ऐकू येतो. आता सा आणि ग दाबावे. ठोके सेकंदाला पाचाच्या घरात जातात, आवाज थरथरतो. हिशेब सोपा आहे : सा चा पाचवा उपस्वर ६४०, ग चा चौथा ६४५. पेटी जुनी असेल आणि सूर हलले असतील तर ठोके वेगळे पडतील. तेव्हा आपली पेटी किती हलली आहे हेच मोजायला सांगावे.

दुसरा प्रयोग तंबोऱ्याचा. जवारी नीट लावून खर्जाची तार छेडावी आणि शांत बसावे. थोड्या वेळाने, कोणीही न छेडलेला गंधार तारेतून वर येतो. हा खर्जाचा पाचवा उपस्वर. यालाच गवई स्वयंभू गंधार म्हणतात. घोडीचा माथा सपाट-वक्र असल्याने आणि जवारीच्या धाग्यामुळे तंबोऱ्याचे उपस्वर इतके खुलतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांच्या या घोडीचा अभ्यास करून, साध्या तारेचे नियम येथे लागू पडत नाहीत हे दाखवले. हा गंधार ऐकताना पेटीवरचा गंधार हळूच दाबावा. दोन्हींतला फरक कोणत्याही मुलाला सांगावा लागत नाही.

तिसरा प्रयोग मोजणीचा. सूर लावण्याची ॲप आता मोबाइलवर असतात. वर्गातल्या चार मुलांनी, पडदा न पाहता, तंबोऱ्यावर एकच गंधार दहा-दहा वेळा लावावा आणि पाचव्याने आकडे टिपावेत. ग ची एक रेघ मिळते की पट्टा मिळतो, हे फळ्यावर मांडावे. आधी उत्तर सांगू नये. देवल-क्लेमंट्स यांच्याकडून जे राहून गेले ते एवढेच होते, आणि आता ते शाळकरी मुलांच्या आवाक्यात आहे.

मग "बावीस श्रुतींच्या कंपनसंख्या किती?" या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? आम्ही असे सांगतो : भरताने बावीस मोजल्या, पण त्यांच्या कंपनसंख्या दिल्या नाहीत. त्याने दिलेल्या खुणांवरून काही अंतरे पक्की काढता येतात आणि काही येत नाहीत. जी येत नाहीत ती नंतरच्या लोकांनी आपापल्या समजुतीने भरली. आज गाणारा गळा त्या कोणत्याही तक्त्यात पूर्ण बसत नाही. हे उत्तर परीक्षेत एका ओळीत लिहिता येणार नाही, हे खरे. पण तक्ता पाठ करणाऱ्या मुलापेक्षा तंबोऱ्यापाशी कान लावून बसलेले मूल भरताच्याही अधिक जवळ असते आणि विज्ञानाच्याही.

सांगलीत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ग. ह. रानडे यांनी १९३८ साली हिंदुस्थानी संगीतावर पुस्तक लिहिले तेव्हा त्याच्या नावात 'भौतिकी' आणि 'सौंदर्य' हे दोन्ही शब्द घातले. देवलांच्या पुस्तकानंतर अठ्ठावीस वर्षांनी, त्याच परिसरात. दोन्ही शब्द शेजारी राहू शकतात, फक्त एकाने दुसऱ्याची साक्ष आधीच लिहून ठेवू नये. गावाच्या नावात बत्तीस असू द्यावे. गावे मात्र आपण स्वतः मोजावीत.